बाहेर पडायला किल्ली लागत नाही

४ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. मला फोनवर कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडते, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

फेब्रुवारीत मी न्हाणीघरात घसरले आणि चिरंजीवांनी मला इकडे आपल्या घरी आणलं. पाय केव्हाच बरा झाला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, कुठे ते सांगितलेलं नाही. तेव्हा मुलगा-सून ऑफिसला गेली की मी काठी घेते, किल्ली पिशवीत टाकते आणि या शहरातली हॉटेलं पालथी घालते.

माझी रीत तुला माहीत आहे. इस्पितळाच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं स्वयंपाक सांभाळला, पण पदार्थ कसा झालाय ते मी चाखून कधी ठरवलं नाही. भांड्यांच्या खिडकीत परत येणारी ताटं बघून ठरवलं. लोक म्हणतात शितावरून भाताची परीक्षा. मी म्हणते उष्ट्यावरून. इथेही मी त्या खिडकीजवळचंच टेबल धरते. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं.

मोठ्या रस्त्यावर एक काचेचं हॉटेल आहे. आत उजेड इतका कमी की मेनूकार्ड वाचायला वेटरने मोबाइलचा दिवा धरला. सूप आलं ते औषधाच्या डोसाएवढं, आणि ते कसं प्यायचं यावर वर एक व्याख्यान. परतणाऱ्या ताटांत पाव तेवढा संपलेला, बाकी सगळं जसंच्या तसं. नाव मोठं, लक्षण खोटं. शेजारच्या केकच्या दुकानात माणसं फोटो काढतात, एक घास खातात आणि उठतात. मीही तेच केलं, फोटो सोडून.

पण बसडेपोसमोर एक खाणावळ आहे. लाकडी बाकं, एक रस्सा, एक भात, आणि मालक असा आडवा की मी त्याचं नाव पैलवान ठेवलंय. ड्रायव्हर, मेकॅनिक, पाळी संपवून आलेल्या नर्स, सगळे खांद्याला खांदा लावून जेवतात. तिथली ताटं पुसल्यासारखी परत जातात.

हे चिरंजीवांना कळता कामा नये. त्यांच्या मते मी दिवसभर सोफ्यावर असते. लोभ असू दे, आणि तोंड बंद असू दे.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिलाईच्या क्लासमध्येच उघडलं आणि हसू दाबता दाबता एका मुलीच्या फ्रॉकला बाही उलटी जोडली. जित्याची खोड म्हणतात ती हीच. आई सांगायची, तू लग्नाच्या पंगतीतसुद्धा नवरीऐवजी पत्रावळी बघत बसायचीस.

पण ताई, मला काळजी वाटते. तुझी साखर, तुझा पाय, ती रहदारी. आणि एक विचारू? पानभर तू साऱ्या शहराच्या ताटांत डोकावलीस. घरच्या ताटाबद्दल एक ओळ नाही. असं का?

कुणाला सांगणार नाही. लोभ आहे तसाच राहू दे आणि रस्ता सिग्नल बघून ओलांड.

तुझी,
धाकटी

१९ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं लक्ष लहानपणापासून नको तिथे जातं. विचारलंस तर सांगते.

माझं जेवण डब्यातून येतं. तीन खणांचा प्लॅस्टिकचा डबा, झाकणावर माझं वय लिहिलेलं. मिठाची चिमूट नाही. सूनबाईंनी काळजीपोटीच लावलाय, त्यांना बोल लावणार नाही. त्या स्वतः ऑफिसातून आल्यावर ओट्याशी उभ्यानेच काहीतरी पोटात ढकलतात. चिरंजीव एका हातात फोन धरून चार घास खातात, अर्धं ताट तसंच परत. लहानपणी ताट चाटूनपुसून उठणारं पोर ते. जेवणाचं टेबल सहा खुर्च्यांचं आहे, त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. चार महिन्यांत आम्ही तिघं एकदाही एकत्र जेवलो नाही. मला एकटीने जेवायचं नाही गं. एवढंच आहे.

मंगळवारी पैलवानाकडच्या ताटांत बटाटे परत येत होते. मी त्याला सांगितलं, फोडी लहानमोठ्या चिरल्यात, मोठ्या आतून कच्च्या राहतात. त्याने माझं वय विचारलं. मी म्हटलं, चुलीपुढचं एकतीस. त्याने तोंड फिरवलं. बुधवारी सगळ्या फोडी सारख्या होत्या आणि माझा चहा न मागता आला.

येताना बसच्या पायरीवर पाय सटकला, पण कंडक्टरने धरलं. काही लागलेलं नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. लोभाची तुला आठवण करून द्यायला नको.

तुझी,
ताई

२६ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

मी शब्द मोडला. बसच्या पायरीचं वाचलं आणि मला राहवलं नाही. तू पुन्हा पडलीस तर मला कोण आहे? मी तुझ्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं, पैलवानासकट. हवं तेवढं बोल, पण पत्र पाठवणं थांबवू नकोस.

तुझी अपराधी,
धाकटी

१ जुलै

धाकटीस, आशीर्वाद. या वेळी एकच.

घर फिरलं की वासे फिरतात हे ऐकून होते, त्यात तू पहिला वासा असशील असं वाटलं नव्हतं. चिरंजीवांनी काल माझ्या पिशवीतून किल्ली काढून घेतली. आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाले की हे माझ्याच भल्यासाठी आहे. सूनबाई खाली बघत होत्या. एकोणसत्तराव्या वर्षी मी घरात कोंडलेली.

मी रात्रभर चिडले आणि सकाळी नीट विचार केला. या दाराला लॅच आहे. बाहेर येऊन दार ओढलं की ते आपोआप बंद होतं. आत यायला किल्ली लागते, बाहेर पडायला नाही. मुलगा इंजिनियर झाला, पण हे त्याला सुचलं नाही.

उद्या फ्रिजवर चिठ्ठी लावणार: मी पैलवानाकडे आहे, आत घ्यायचं असेल तेव्हा न्यायला या. तिथलं बाक कठीण आहे, पण मीही काही मऊ नाही.

लोभ सध्या आवरून ठेवलाय. माफ करेन तेव्हा कळवीन.

ताई

१० जुलै

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आईने तुला लिहिलं असेलच. पहिल्या दिवशी घरी आलो, चिठ्ठी वाचली आणि तसाच धावत डेपोवर गेलो. आई चहा पीत होती. चहा संपेपर्यंत ती उठली नाही आणि मी उभाच राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या आडव्या मालकाने मला विचारलं की आईंना न्यायला उशीर का केला. मी आईशी खूप भांडलो. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिला घरात ठेवायचं तर दाराबाहेरून कुलूप लावावं लागेल, तेवढं माझ्या हातून होतंय का ते मी बघावं.

मावशी, माझ्या हातून ते होणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी दुपारपासून उपाशी होतो. आईने काही न विचारता माझ्यासाठी ताट मागवलं. फोन पिशवीत ठेवायला लावला. मी जेवलो. ताट गेलं तेव्हा ती माझ्याकडे नाही, ताटाकडे बघत होती, अगदी खिडकीतून आत जाईपर्यंत. मग म्हणाली की माझं रिकामं ताट तिने फेब्रुवारीपासून आज पहिल्यांदा पाहिलं.

मी तिथेच किल्ली परत दिली. पण आई ती किल्ली बरोबर न्यायला तयार नाही. तिला तू समजावून सांग. तुझं ती ऐकते. माझ्यावर लोभ असेल तर एवढं कर.

तुझा भाचा

१६ जुलै

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद. पुन्हा अनेक, म्हणजे काय ते समज.

तुझ्या भाच्याने तुझ्याकडे वकिली मागितली म्हणे. मी तुझं ऐकते, हे त्याला कुणी सांगितलं?

किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्याला आहे. रोज निघताना मी तिच्याकडे बघते, दार ओढून घेते आणि डेपोवर जाते. साडेसहाला चिरंजीव येतात, कारण म्हाताऱ्या आईला दाराबाहेर ठेवता येत नाही. आले की भूक लागलेली असते. गुरुवारी सूनबाईही आल्या. बाकावर बसून जेवल्या, आणि घरी जाऊन टेबलावरचे इस्त्रीचे कपडे त्यांनी कपाटात ठेवले. मी काही बोलले नव्हते.

तीन ताटं एकावर एक खिडकीतून गेली. त्यांत काहीही नव्हतं.

त्याला एवढंच कळव की तुझी आई विसरभोळी झालीय, रोज किल्ली विसरते, या वयात चालायचंच. आणि तू शिलाईचं मशीन झाकून, क्लासला सुट्टी देऊन इकडे ये. चौथं ताट मला बघायचंय.

तुझी,
ताई