क्वेट्टा, असं अजरा म्हणाली

शिरड शहापूर,
१ मार्च २०२५

चि. अबोलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काकूनं दिलेल्या कुरडया संपल्या असतील तर कळव, दुसरा डबा तयार आहे.

काल शाळेत विज्ञान दिनाची प्रश्नमंजूषा घेतली. मोजमापातला, किलो-मेगासारखा, सर्वांत मोठा उपसर्ग कोणता, असं मी नववीला विचारलं. माझ्या कार्डावर 'योटा' होतं. मोटार रिवायंडिंगवाल्या बद्रुद्दीनभाईंची अजरा उठली आणि 'क्वेट्टा' म्हणाली. मी माईकवरच म्हणालो की बाई, ते पाकिस्तानातलं शहर, तू तिकडं काहून निघालीस? सगळे खो खो हसले. पोरगी 'बरोबर आहे सर' म्हणत जरा वेळ उभी राहिली, मग बसली. तिचा गट हरला.

तू मोजमापाच्याच कामात आहेस. असं काही नसतं ना, तेवढं लिही. उगाच खटकून राहिलंय.

माया आहे तशी राहू दे.
विश्वंभरकाका

पुणे,
७ मार्च २०२५

ती. विश्वंभरकाकांस,
सा. न. वि. वि.

कुरडया चार दिवसांत संपल्या, निम्म्या मैत्रिणींनीच खाल्ल्या. डबा पाठवाच.

काका, अजराचं उत्तर बरोबर आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये रोन्ना आणि क्वेट्टा हे दोन नवे मोठे उपसर्ग जगानं मान्य केले. क्वेट्टा म्हणजे एकावर तीस शून्यं, हजाराचा दहावा घात. ग्रीकमध्ये दहाला 'डेका' म्हणतात, त्याच शब्दाला वाकवून हे नाव केलं. सुरुवातीला क्यू घेतला, कारण ते अक्षर अशा खुणांसाठी मोकळं होतं. गुरू ग्रहाचं वस्तुमान सुमारे दोन क्वेट्टाग्रॅम भरतं.

मेगा, गिगा मला तुम्हीच शिकवलंत, म्हणून पुढचं विचारायला जड जातंय. तेच उत्तर मी दिलं असतं, तर तुम्हाला पाकिस्तान आठवलं असतं का?

रागावू नका. काकूला नमस्कार.
तुमचीच,
अबोली

शिरड शहापूर,
१८ मार्च २०२५

चि. अबोलीस,
आशीर्वाद.

नसतं आठवलं. हे लिहायला मला इतके दिवस लागले.

प्रश्नमंजूषेपासून अजरा शाळेत येत नव्हती. पोरं तिला रस्त्यात 'क्वेट्टा' म्हणून चिडवत होती, तिकडंच जा म्हणत होती. मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. शेवटी तिच्या घरी गेलो. बद्रुद्दीनभाईंचा रोजा होता, तरी माझ्यापुरता चहा करायला लावला. सर, तुमी काहून तकलीफ घेतली, म्हणाले.

अजरानं वर्तमानपत्रातलं कात्रण आणून दाखवलं. मी तिची माफी मागितली. त्यावर ती एवढंच म्हणाली की, माझं राहू द्या सर, पण रेवती माझ्या गटात होती, ती खूप रडली, तिचे गुण द्या.

सोमवारी परिपाठात माईकवरच सगळं कबूल केलं. उत्तर तिचं बरोबर, अज्ञान माझं, आणि जे बोललो ती चूक नव्हती, वाईटपणा होता, असं म्हणालो. कुणी हसलं नाही. त्यांच्या गटाला गुण दिले, पण बक्षीस घ्यायला रेवती एकटीच पुढं आली.

तू शाबासकी देशील म्हणून आधीच सांगतो, देऊ नकोस. अजरा आता शाळेत येते. आज वर्गात मी एक प्रश्न विचारला. बाकांमधून फिरताना तिच्या वहीत उत्तर लिहिलेलं दिसलं, अगदी बरोबर. मी बराच वेळ थांबलो. तिनं हात वर केला नाही.

जमलं तर लोभ ठेव.
विश्वंभरकाका