फाल्गुनात ढग नसतात

शनिवार, २२ फेब्रुवारी १९३६. निपाणी. सकाळ.

इतके दिवस अधूनमधून सांगायचो, आजपासून हवामानाचा अंदाज रोज सांगायचा. निश्चय पक्का. बेळगावहून वर्तमानपत्र येतं ते एक दिवस शिळं, आणि त्यात काय, तर ‘हवामान बदलते राहील’. हे तर आमची मांजरही सांगेल.

माझी मेथड निराळी. रिटायर होईपर्यंत मराठी शाळेत वसंतऋतूच्या कविता शिकवल्या. त्यांत कोकिळा आहे, मोहोर आहे, मंद वारा आहे. ढग एकाही कवितेत नाही. फाल्गुन तोंडावर आलाय. सगळे कवी मिळून चुकतील कसे?

मारुती, माझा धाकटा भाऊ, विचारायला आला. त्याची तंबाखू कापून रानात वाळत पडलीय. शिमगा झाला की वखारीचा व्यापारी माल बघायला येणार. माल पसंत पडला तरच वैशाखात मनूचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, लग्न. मी ठणकावून सांगितलं, कडक ऊन पडणार, मालाला हात लावू नको. त्याने मालुबाईकडे पाहिलं आणि नवराबायको भाकरी अर्धी टाकून रानाकडे पळाले.

केवढा हा विश्वास.

सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळ.

धुकं. समोरचं चिंचेचं झाड दिसेना. घाबरलो नाही. छाती धडधडत होती ती कडक चहामुळे. उद्यापासून चहा बंद.

शेजारच्या ज्योतिबाने विचारलं, मास्तर आज काय? म्हटलं, स्वच्छ. त्याने लगेच अंगणात वाळत घातलेल्या शेणी आत न्यायला सुरुवात केली. उद्योगी माणूस.

दुपारी ऊन पडलं. चहा घेतला.

बुधवार, २६ फेब्रुवारी. दुपार.

पश्चिमेला ढग. छोटा. म्हशीएवढा.

तीन वाजता. म्हशी वाढल्या.

वारा फिरला. उकडतंय, आणि मला मात्र हुडहुडी. मालुबाई म्हणाली, अण्णा, सारखं अंगणात काय जाताय. पोट साफ नाही असं सांगितलं. आता रात्री नुसती पेज मिळणार.

मन शांत करायला दोन ओळी रचल्या:
फाल्गुनी आकाश निळे निवांत,
मेघांचा झाला केव्हाच अंत.
दुसऱ्या ओळीला गडगडलं. कांबळं डोक्यावरून घेतलं. डास फार आहेत.

पाऊस झाला तर तंबाखूचा पाला काळा पडेल. व्यापारी बांधावरूनच परत फिरेल. मनूचं लग्न मोडेल, आणि ती मला काही बोलणार नाही. नेहमीसारखी हातात पाण्याचा तांब्या देईल. तेच सहन होणार नाही. वर्गात ही पोर सगळ्यांत छान कविता म्हणायची.

रानात जाऊन माल बघून यावा का? ओढा ओलांडावा लागतो. गुडघे. उद्या नक्की.

गुरुवार, २७ फेब्रुवारी.

गेलो नाही. गुडघे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. पहाट.

डोळ्याला डोळा नाही. कवी खोटे नाहीत, पण त्यांतल्या एकानेही तंबाखू लावलेली नव्हती. आज खरं सांगणार. अब्रू गेली तर गेली.

सकाळी, आठ.

सांगितलं. मारुती, आज पाऊस येणार, गारासुद्धा येतील. तो चूळ भरता भरता थांबला. नक्की का, म्हणाला. म्हटलं, गॅरंटी. त्याचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. मालुबाईने तर देवापुढे साखर ठेवली. गडी बोलावले आणि सगळे धावत रानात गेले, मनूसुद्धा.

वेळेवर बोललो. काय हलकं वाटतंय. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळ.

चार वाजता आलाच. लिंबाएवढ्या गारा. पत्रे बडवून निघाले. जन्मात पहिल्यांदा गडगडाटाला भ्यालो नाही. दारात उभा राहून मोठ्याने कविता म्हटली.

मग ती सगळी आली. चिखलाने भरलेली, भिजलेली. मनूने तांब्या दिला.

मी म्हटलं, बघ, सांगितलं होतं की नाही. माल छपराखाली गेला ना?

मारुती उंबऱ्यावर बसला. म्हणाला, “छपराखालीच हुता अण्णा. शनवारपास्नं. तुम्ही ऊन म्हनला, तवाच गोळा केलता.”

मला कळेना. मालुबाईने पदर पिळत समजावलं. मी ऊन म्हटलं की आवरायचं, पाऊस म्हटलं की वाळत घालायचं. मी रिटायर झाल्यापासून घरात हेच चाललंय. आता गल्लीतही. माल अर्धा ओला रचलेला, बुरशी धरायच्या बेताला आलेला. सगळी माझ्या तोंडून पावसाचं नाव निघायची वाट बघत होती. आज निघालं. देव पावला म्हणून सगळ्यांनी मिळून माल पुन्हा रानभर पसरला.

शनिवार, २९ फेब्रुवारी. सकाळ.

निम्मा माल गेला. निम्मा गडबडीत ओढून आत घेतला, तो विकेल, पण भाव पडेल. लग्न पुढच्या सालावर. मनू म्हणाली, बरं झालं, मला घाई नव्हती. डोळे सुजलेले होते. धुराने असतील.

मारुतीला सांगितलं की आजपासून अंदाज बंद. मी तोंड उघडणार नाही. शप्पथ.

तो दचकलाच. माझ्याजवळ येऊन बसला, आणि लहानपणी बोलायचा तसा खालच्या आवाजात म्हणाला, “असं करू नका अण्णा. तुमचा आमाला लई आधार हाय. तुम्ही चुकत ऱ्हावा. फकस्त मधीच बरोबर येऊ नका.”

मी मान डोलावली. तो आभाळाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिला.