आप्पांच्या नाटकातला चोर

५ जानेवारी, रविवार

बाहुबलीनं आज पुन्हा तोंडाला काजळ फासलं! नुसती तालीम — तरी हा पूर्ण रंगून आला. साठीला टेकलाय, पण 'काळ्या पारध्या'चं काम म्हटलं की माझा हा धाकटा भाऊ अजून शाळकरी पोर होतो. काखेत कोंबडी — खरी! कुणाची ते सांगत नाही. सगळा हॉल हसून लोळला. मीही.

आप्पा असते तर या महिन्यात शंभरीत पडले असते. त्यांचं 'नथ गेली चोरीला' प्रजासत्ताक दिनाला इथं माधवनगरातच करायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. वडिलांचं नाटक लेकीनं बसवायचं — आणखी काय पाहिजे! लग्नघर, नवरीची नथ जाते, भिंतीवरून पारधी उतरतो, सगळे मिळून त्याला बडवतात, आणि वरून गाणं. लहानपणापासून तोंडपाठ आहे मला.

नवरीचं काम क्रांतीला दिलंय. मिरजेच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, आईचे गुडघे तीच बघते. व्यायाम करून घेताना गुणगुणायची, तिथंच मी तिला धरलं. काय आवाज आहे! आज मात्र मारामारीचं गाणं सुरू झालं आणि ती एकदम गप्प. घसा बसला असेल.

८ जानेवारी, बुधवार

घसा बसला नव्हता.

आज आईचा व्यायाम झाल्यावर क्रांती स्वयंपाकघरात आली. मी चहा टाकत होते.

"काकी, मी पारधी हाय."

चहात साखर घातली — दोनदा घातली, नंतर कळलं.

"कोरेगावच्या पुढं आमची वस्ती हाय. मी लपवलं न्हाई. कुणी इचारलंच न्हाई."

मी म्हणाले, अगं, त्या काळी तसंच लिहायचे. आप्पांच्या मनात काही वाईट नव्हतं.

"नसंल. पण वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की पहिलं माझं दप्तर पालथं करायचे, काकी." रागावून नाही. गुडघ्याला शेक कसा द्यायचा ते सांगावं तशी.

नाटक सोडतेस का, विचारलं. "न्हाई! गाणी लय गोड हाएत. फकस्त तेवढा शीन लागला की मी भाईर जाऊन थांबंन. झाला की हाक मारा."

गोडमिट्ट चहा तिनं संपवला आणि गेली.

मला राग आला. खरं तेच लिहायचं तर — आला. आजची फूटपट्टी घेऊन आप्पांना मोजायचं? मग जुन्यातलं कोण उरेल? दुष्काळात दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही त्या माणसानं!

९ जानेवारी

दिवसभर चिडचिड. घेवड्याच्या शेंगा निवडल्या, तेवढंच काम.

११ जानेवारी, शनिवार

बाहुबलीला सांगितलं. उसळलाच.

"आता हसायचंबी न्हाई व्हय? आप्पा काय वाईट होते का? ती शिकलेली पोरगी. तिच्याबद्दल कुठं हाय ते?"

"मग कुणाबद्दल हाय?" मी विचारलं.

तो चहा न घेताच गेला. माझ्याही तोंडून हा प्रश्न कुठून आला, कुणास ठाऊक.

१३ जानेवारी, भोगी

बाजरीच्या भाकरी, तीळ लावून. भाजी आईच्या पद्धतीची, गाजर न घालता. दिवस मावळायच्या आत आई जेवली आणि अंगणात उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात बसली. हवा कशी छान पडली होती! हळद शिजवल्याचा वास येत होता कुठून तरी. मीही टेकले शेजारी आणि सहज म्हटलं, "आई, आप्पांच्या वेळी त्या पारध्याच्या शीनचं कुणालाच काही वाटायचं नाही ना गं?"

"नाथाजीला वाटलं की."

कोण नाथाजी? आपल्या उसाला राखणीला होता म्हणे. पारधी. आप्पांचा लाडका — त्याच्याकडनं ते पाखरांचे आवाज काढायला शिकले. नाटकाच्या पहिल्या खेळाला आप्पांनीच त्याला बोलावलं. बायको, पोरी, सगळ्यांना घेऊन आला, धुतलेला फेटा बांधून.

"शीन लागला, गाणं लागलं, तसा उठला. पोरींची बखोटी धरली आन् समद्यांच्या मधनं गेला. दुसऱ्या दिवशी वस्ती हलवून गेलाबी. परत काय दिसला न्हाई. तू पोटात हुतीस तवा."

"आप्पांनी बघितलं त्याला जाताना?"

"तर! पेटी वाजवत हुते न्हवं पुढं बसून. घरी आले, जेवले न्हाईत. मी म्हटलं, काढून टाका तेवढं. व्हय म्हणले."

"मग?"

"मग काय. फुडल्या गावच्या लोकांनी त्योच शीन मागितला. लय हसायची गं लोकं."

आई उठून आत गेली. मी तिथंच.

म्हणजे आप्पांना माहीत होतं. त्या काळी कळत नव्हतं, असं नाहीच. कळत होतं — नाथाजीला कळलं, आईला कळलं, पेटीवर बसलेल्या आप्पांना कळलं. मी 'त्या काळचे लोक' म्हणत होते, त्यात नाथाजीला धरतच नव्हते! तो काय दुसऱ्या काळातला होता?

गंमत म्हणजे रडू आलं नाही. राग गेला. आप्पांवरची माया आहे तिथंच आहे, इंचभर हलली नाही. फक्त आता तिच्या शेजारी हेही बसलंय.

१५ जानेवारी

बाहुबलीला आईनंच सांगितलं. ऐकताना खाली मान. मग एवढंच — "आणि मी इतकी वर्षं टाळ्या घ्यायलोय."

१९ जानेवारी, रविवार

शीन काढला. गाणं काढलं. पण नथ कुणी चोरली मग? सगळे बसलो डोकं खाजवत. बाहुबलीच म्हणाला, "नवऱ्याचा मामा चोरतो. जुगारी. आन् मामा मीच!" उभा राहिला आणि नथ तोंडात लपवून जेवणाच्या पंगतीला बसलेला मामा करून दाखवला — आग्रह चाललाय, घास घेता येईना, नाही म्हणता येईना! काजळाचं बोट नाही, काही नाही, आणि क्रांती पोट धरून हसतीये.

नंतर तिला विचारलं, आप्पांचं नाटक छापायचंय, त्यातनंही काढू का तो शीन?

थोडा विचार केला तिनं. "ऱ्हाऊ दे, काकी. लिहिलं ते लिहिलं. फकस्त तिथंच खाली लिहा — नाथाजी उठून गेला म्हणून."

लिहिणार.

२७ जानेवारी, सोमवार

झालं! काल प्रयोग झाला! पाय सुजलेत, घसा बसलाय — खरोखरचा — आणि मी इतकी सुखात आहे की सकाळपासून तीच साडी नेसून बसलेय.

पडद्याआधी मी माईक घेतला. म्हटलं, या नाटकात आप्पांनी एका पारध्याला चोर करून त्याचं हसं केलं होतं. तो शीन आज नाही. आप्पा माझे वडील आहेत, त्यांची गाणी ऐका, फार गोड आहेत. आणि तो शीन चुकीचा होता.

मागनं एकजण ओरडला, "मंग हसायचं कशाला?" बाहुबली विंगेतून ओरडला, "थांब की गड्या, येतोय!" तिथंच हशा.

दोघे-तिघे म्हातारे नाराज होऊन गेले, आमचा चुलतभाऊही. जाऊ दे. क्रांतीनं शेवटचं पद म्हटलं तेव्हा आईनं डोळे मिटले होते. क्रांतीचे आई-वडील कोरेगावहून आले होते. पुढच्या खुर्च्या ठेवल्या होत्या त्यांना. शेवटपर्यंत बसले. वडील जाताना मला म्हणाले, "मामा लय भारी हाय." बाहुबलीला सांगितलं, तर आनंदानं रात्रभर झोपला नाही म्हणे.

९ फेब्रुवारी, रविवार

क्रांतीचा फोन. तिनं एक नाटक लिहिलंय! विनोदी. एक मालकीणबाई आहे त्यात — दारी आलेल्या सगळ्यांना प्रेमानं चहा पाजते आणि ते गेले की भांडी जागेवर आहेत का बघते.

"तुमी कराल, काकी? लिहिताना तुमीच डोळ्यापुढं होता."

माझी नजर ओट्यावरच्या कपबशांकडं गेली. मग विचारलं, "लोक हसतील का गं?"

"लय हसतील."

हो म्हणाले.