चार ओळी सोडून माझं सगळं

मी, निलम काकड्या वरठा, वय ४४, राहणार उधवा, तालुका तलासरी. व्यवसाय: ऑनलाइन लेख लिहिणे. (अर्जावर कोणी ‘घरकाम’ लिहिलं की मी ते खोडायला लावते.) तब्येत ठणठणीत, डोकं जाग्यावर, कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आलेल्या माझ्या भावाला, मुकेशला, चहा पाजून परत पाठवलंय. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. म्हणून माझ्यामागे कशाचं काय व्हावं ते मीच लिहून ठेवते. याआधी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. बाबांनी दिलेल्या जागेवर मी स्वकमाईतून बांधलेलं दोन खोल्यांचं घर मुकेशच्या मुलीला, प्रगतीला मिळावं. मुकेशने ओट्यावर खुशाल बसावं, आत येऊन हुकूम सोडू नयेत. मी लिहायला लागले तेव्हा “दिवसभर बोटं नाचवून पोट भरतं काय?” असं तो चारचौघांत म्हणाला होता. या घराचा पत्रा न् पत्रा त्याच बोटांनी चढवलाय. मी ते विसरलेले नाही.

२. लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि खुर्ची प्रगतीलाच. सुरुवातीला माझ्याकडे नुसता मोबाईल होता, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथे उभं राहून मी, वापीच्या पुढे कधी न गेलेली बाई, ‘लहान मुलांना घेऊन युरोप कसा फिराल’ हे लिहिलं. लोकांना आवडलं म्हणे. फिरूनही आले असतील बिचारे.

३. मुंबईच्या ज्या कंपनीने माझे तीनशेहून जास्त लेख घेतले आणि एकावरही माझं नाव टाकलं नाही, तिला मी काही ठेवत नाही. तिथले साहेब मला फोनवर ‘रिसोर्स’ म्हणायचे. माझ्यामागे त्यांचा फोन आला तर प्रगतीने माझं पूर्ण नाव सांगावं आणि त्यांना ते लिहून घ्यायला लावावं.

४. आता जे लिहायचं टाळत होते ते. माझी आत्या जिवली, आम्ही सगळे तिला फुई म्हणतो, तलासरीजवळच्या पाड्यावर राहते. ती धवलेरी आहे, म्हणजे आमच्यात लग्न लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी बाई. तिचा नियम असा, की चौकाचं गाणं भिंतीवर चौक, म्हणजे लग्नातलं देवीचं चौकोनी चित्र, लिहिला जात असतानाच म्हणायचं, एरवी तोंडातून काढायचं नाही. कंपनीने ‘आदिवासी लग्न, आठशे शब्द’ मागितले आणि मी त्या गाण्याच्या चार ओळी घातल्या. देवाशपथ सांगते, मला वाटलं फुईचा मान वाढेल. पुढच्याच लग्नात कोणीतरी ‘हे आपल्या निलमचं’ म्हणत तो लेख मोबाईलवर मोठ्याने वाचायला लागलं. पहिली ओळ कानावर पडली तशी फुई उठून चालती झाली. दारात मला म्हणाली, “मागितलं असतंस तर शिकवलं असतं. तू उचलून बाजारात मांडलंस.” चार वर्षं झाली, ती माझ्याशी बोललेली नाही. ओळी काढा म्हणून मी कंपनीच्या मागे लागले. ते म्हणाले, हा विकत घेतलेला माल आहे. पण विकला कोणी? मीच. आयुष्यभराच्या लिहिण्यात मला लाज वाटते ती एवढ्याच गोष्टीची.

५. लग्नांत बसून उतरवलेल्या सोळा गाण्यांची एक वही माझ्याकडे आहे. त्या लेखानंतर दोघा-तिघांनी ती मागितली, मी एक अक्षर दिलं नाही. ही वही फुईला द्यावी. तिने जाळावी की ठेवावी, तिची मर्जी.

६. कलम ५ रद्द. ते वाचून दाखवायला मी फुईकडे गेले होते. ती नागली पाखडत होती, सूप काही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, “माझंच मला कशाला देतेस गं?” सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “प्रगतीला पाठव. शिकायला कोणी येत नाही. मी काय सगळं सोबत घेऊन जाऊ?” मी तिथेच ढसाढसा रडले, लाज कसली त्यात. तेव्हा वही प्रगतीला मिळावी. मात्र सगळी गाणी फुईच्या तोंडून शिकून होईपर्यंत तिने ती उघडू नये, आणि विकू तर कधीच नये. प्रगतीला विचारलंय. येत्या रविवारपासून ती जाणार आहे.

डहाणूचे वकील म्हणाले, ज्याला यातलं काही मिळत नाही तोच साक्षीदार बरा. हे ऐकून फुईने आपणहून हात पुढे केला.

वरचा सगळा मजकूर माझाच आहे. तो पुन्हा एकदा वाचून, दोघा साक्षीदारांच्या देखत सही करते.

ठिकाण: उधवा. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.

(सही) निलम काकड्या वरठा

साक्षीदार:

१. दिपक लाहू धोदडे, शेजारी (सही)

२. जिवली हाल्या करबट (डाव्या अंगठ्याचा ठसा). तिने सांगितलं तसं दिपकने लिहिलं: “सगळं वाचून दाखवलं, ते मी ऐकलं. लेखातल्या त्या चार ओळीही वाचायला लावल्या, आज पहिल्यांदा पुऱ्या ऐकल्या. पहिली सोडली तर एकही धड नाही. बाजारात गेलं ते माझं गाणं नव्हतंच. उगीच चार वर्षं पोरीशी बोलले नाही.”