हात वर, श्वास आत

शिंदखेडा,
कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार

चि. हेमांगीस आजीचे अनेक आशीर्वाद. उरले तर तुझ्या बापालाही दे.

फोनवर मला ऐकू येत नाही, आणि मी बोलले की या टोकापासून त्या टोकापर्यंत बठ्ठी गल्ली ऐकते, म्हणून लिहिते. चौथी पास बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घे.

तुझे आबा आता मलाही विसरले. काल कानबाईच्या नैवेद्याचे रोट पानात वाढले, तर हात लावीनात. म्हणाले, वर्ग झाल्याशिवाय गुरुजी जेवत नसतात. वर्ग कसला! शाळेची मास्तरकी सांभाळून मारुतीच्या पारावर फुकट योग शिकवायचे, ते बंद पडूनही वर्ष झालं. आधी समजावलं, मग ओरडले, मग शेजारच्या सुनंदाबाईला बोलावलं. आबा नुसत्या पाण्यावर राहिले. डॉक्टर म्हणतो, असं चाललं तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल. ज्या माणसाने जन्मभर लोकांना नाकाने श्वास घ्यायला शिकवलं, त्याच्याच नाकात नळी!

शेवटी आज सकाळी चटई टाकून समोर उभी राहिले. देवाने पाय दिलेत तर माणूस डोक्यावर का उभा राहतो, असं मी जन्मभर विचारत आले. आबांनी मला खालून वर बघितलं आणि विचारलं, बाई, नवीन आलात? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वर्ग झाला. मग त्यांनी पोळी खाल्ली.

यातलं काही समजत असेल तर कळव, समजत नसेल तरी कळव. लोभ असू दे.

तुझी आजी,
भागाबाई

---

जळगाव,
९ ऑगस्ट २०२५

ती. आजीस हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं. तू, आणि चटईवर! मग बाबांना वाचून दाखवायला बसले, तर अर्ध्यातच थांबावं लागलं.

मला आबांनीच त्या पारावर शिकवलं, त्यावरच इथे माझा वर्ग चालतो. योगाने मन ताब्यात येतं, असं रोज सकाळी लोकांना सांगते. आबांचं मन तर केवढं ताब्यात होतं! ते कुठे गेलं, हेच विचारायला इथल्या डॉक्टरांना भेटले. हा विसर वाढतच जाणार म्हणाले. अंगाच्या सवयी तेवढ्या उशिरा जातात. म्हणून वर्ग मोडू नकोस. गुडघे दुखले तर खुर्चीवर बसून कर.

बाबा म्हणतात, दोघांनाही जळगावला आणू. तिसऱ्या मजल्यावरच्या अनोळखी घरात आबा बिथरतील, असं मी म्हटलं. तरी बाबा गाडीचं भाडं विचारून आले. जेवणाचं रोज कळवत जा. लोभ आहेच, काळजीही आहे.

तुझी,
हेमांगी

---

शिंदखेडा,
पोळ्याचा आदला दिवस

चि. हेमांगीस आशीर्वाद.

खुर्चीवर बसून कर म्हणालीस. बसले. तर म्हणाले, बाई, ही एसटी नाही, उठा.

जेवण ठीक आहे. वर्ग, मग आंघोळ, मग भाकरी. डोळे मिटून श्वासाकडे बघा म्हणतात, मन शांत होतं म्हणे. माझं कसं होणार? डोळे मिटले की हा माणूस उठून रस्त्याला लागेल, म्हणून मी एक डोळा उघडा ठेवते. ते बरोबर पकडतात. बायको विसरले, चोरी नाही विसरले. गुडघे मात्र खरंच मोकळे झाले. पण ते कबूल कुणापुढे करू?

परवा विचारलं, घरी सांगून आलात ना, नंतर कटकट नको. मी म्हटलं, घरी एक मास्तर आहे, त्याला योगापुढे बायको दिसत नाही. तर म्हणाले, माणूस चांगला दिसतो, त्यालाही घेऊन या.

आणते म्हटलं.

तिकडचं बरं असू दे.

भागाबाई

---

जळगाव,
२ सप्टेंबर २०२५

ती. आजीस सा. न.

घाईत लिहिते. मास्तरांचं वाचून बाबा उठून गॅलरीत गेले. आबा कुठे अडले तर पुढचं तू सांग. तुला आता सगळा क्रम येतो. दसऱ्याला येतेच. तोवर माया कमी करू नकोस.

हेमांगी

---

शिंदखेडा,
घट बसले तो दिवस

चि. हेमांगीस आशीर्वाद.

पुढचं तू सांग म्हणालीस. सांगून बघितलं.

सूर्यनमस्कारात हात वर, श्वास आत, इथवर येतात आणि पुढचं सापडत नाही. श्वास सोडा, खाली वाका, एवढंच तर आहे. मला येतं. मी बोलले, तर म्हणाले, बाई, गुरुजींच्या पुढे जायचं नसतं. वाकून दाखवलं, तर म्हणाले, वर या. मग दोघंही हात वर करून उभे. सुनंदाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, अक्का, दरोडा पडला का? मीही हसले. मग बघितलं, तर त्यांनी श्वास धरूनच ठेवला होता. तोंड लाल, दंड थरथरतात, आणि त्यांनी ऐकावं असं सोडा म्हणणारं कुणी नाही. खोकला आला तेव्हा सुटला.

वर्ग पुरा झाला नाही, म्हणून ताट परत. तेव्हापासून रोज हेच. आज ताकाचे दोन घोट गेले, तेही तोंड पुसते असं खोटं सांगून.

तुझ्या बापाने त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी ठरवली, कळलं. नळी घालतील तर घालोत, मी काय आडवी पडू? पण आधी एक करून बघ. या माणसाने स्वतःच्या बापाचं ऐकलं नाही, माझं तर नाहीच. ऐकायचा तो फक्त शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाचं. साहेब दारात दिसला की हातातला खडू हातातच राहायचा. तू साहेब होऊन ये. कडक साडी नेस, काखेत फाईल घे. पाया पडू नकोस. चटईसमोर उभी राहा आणि मोठ्याने म्हण, गुरुजी, श्वास सोडा, खाली वाका. ऐकलं तर जेवतील. नाही ऐकलं, तर गाडी दारात उभीच असेल.

कळावे. लोभ पत्रातून पाठवू नकोस, तूच घेऊन ये.

भागाबाई

ता. क. तुला ओळखणार नाहीत, आधीच सांगते. रडायचं ते स्टँडवर रडून घे. तपासणीला आलेला साहेब रडत नसतो.