ओलेतं

आई,

काल शाळेत पाणी भरणाऱ्या बाईला मी मुलींसमोर कामचुकार म्हटलं, आणि तिनं जे उत्तर दिलं त्यामुळे हे लिहावं लागतं आहे. तुला जाऊन वीस वर्षं झाली. हे तू असतानाच बोलायला हवं होतं.

ही बाई शेजारच्या चांदे गावची, धनगराघरची, माझ्याच वयाची. हल्ली कामातून मधेच नाहीशी होते. काल मधल्या सुट्टीत मुली रिकामे पेले घेऊन उभ्या, आणि ही पाणीखोलीच्या मागे भिंतीला टेकून बसलेली, अंगावर चिंब लुगडं. पौषातला गार वारा सुटलेला. मी म्हटलं, "कामाच्या वेळी अंघोळी कसल्या करतेस? जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस, कामचुकार कुठली." ती उठलीसुद्धा नाही. "आंगोळ न्हाई ओ बाई. आंगाची आग हुतीया. पाळी जायाच्या वक्ताला हुतं आसं. वल्लं गुंडाळलं की वाईच बरं वाटतं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमी न्हाई व्हय खुर्ची खिडकीला वडून बसत? मला काय दिसत न्हाई?" मुली हसल्या. मी आत निघून गेले.

तिनं बरोबर ओळखलं होतं. दीड वर्ष झालं. छातीतून कढ उठतो, मानेवरून कानांपर्यंत चढतो, फळ्यावर लिहिताना हातातला खडू ओला होतो. मी चहा सोडला, पोलक्यांचे गळे सैल करून घेतले, हजेरीपटानं वारा घेते आणि वर्गाला सांगते की हवा खेळती असावी. मुलींना शरीरशास्त्र शिकवणारी मुख्याध्यापिका मी, आणि हे एवढं मोकळेपणानं सांगायची माझी छाती नाही.

पण तिच्या ओल्या लुगड्याकडे पाहताना मला लाज वाटली ती याची नव्हे. मला आपलं पौडचं स्वयंपाकघर आठवलं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नाताळच्या सुट्टीत दोन मैत्रिणींना घेऊन घरी आले आहे. तुझं सोवळ्याचं लुगडं एरवी माजघरातल्या काठीवर वाळलेलं असायचं, स्वयंपाकापुरतं तू ते नेसायचीस. त्या वर्षी तू ते वाळूच देईनाशी झालीस. विहिरीवर जायचीस, ओलेत्यानंच चुलीपुढे येऊन बसायचीस, आणि पाणी निथळून पाटाखाली थारोळं व्हायचं. वडील कौतुकानं म्हणाले, "हिला आता धर्म सुचलाय." मला तर संधीच हवी होती. मैत्रिणी पानावर बसलेल्या असताना मी म्हणाले, "ओलं नेसून देव भेटत असता, तर विहिरीतल्या बेडकाला तुझ्याआधी भेटला असता." त्या दोघी खो खो हसल्या. तूही हसलीस. "असेल ग बाई तसंच," म्हणालीस, आत गेलीस आणि कोरडं नेसून आलीस. नंतर पोळ्या लाटताना तुझा चेहरा लालबुंद झाला होता. दर दोन पोळ्यांनी तू मागच्या दारात जाऊन उभी राहायचीस. मी आतून ओरडले, "सारखी काय जातेस? पानं खोळंबलीत!"

दुसऱ्या दिवसापासून ओलेतं बंद झालं. वसतिगृहात परतल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की आईला मी सुधारलं.

मला ते कर्मठपण वाटलं. कालपर्यंत वाटत होतं. बाई सोवळ्यात असली की तिला कोणी शिवत नाही, ओलं का नेसलीस म्हणून विचारत नाही; आपल्या घरात तेवढी एकच जागा तुला सापडली होती. वडिलांना तू सांगू शकत नव्हतीस. मला सांगितलं असतंस का, हा प्रश्न काल दिवसभर डोक्यात होता. मी वाचलेली पुस्तकं मोजून दाखवत होते. तू काय सांगणार होतीस?

आज सकाळी हजेरीबुकातला तिच्या नावापुढचा 'जागेवर नाही' हा शेरा खोडला आणि ट्रंकेतून तुझं ते लुगडं काढलं. तू गेल्यावर तेवढंच मी आणलं होतं, ते कधी नेसले नाही. मधल्या सुट्टीत पाणीखोलीत जाऊन ते तिच्या पुढे केलं. म्हटलं, "हे भिजवून नेसत जा. ही खोलीची किल्ली, आणि दाराला आतून कडी आहे. पिंप बाहेर ठेवू, पाणी मुली घेतील आपलं आपण."

"नवं न्हाई, पन सूत लई मऊ हाय," ती बोटांनी चाचपत म्हणाली. "कुनाचं?"

"आईचं."

"आन् तुमाला काय?"

"मला काही होत नाही," मी म्हणाले. आई, तुझं लुगडं हातात धरून मी हे म्हणाले.

 तिनं काठाला दात लावला आणि लुगडं मधोमध टर्रकन फाडलं. "नऊवारी हाय. दोगींना पुरतंय."

पत्र या वहीतच राहील. पाणीखोलीत दिलं ते: लुगडं एक, किल्ली एक. तिच्याकडून परत आलं ते: अर्धं लुगडं, भिजवून पिळलेलं. मी ते घेतलं.