बोटं मोकळी व्हायला लागणारा वेळ

अहो,
सकाळच्या एसटीनं लातूरला डॉक्टरांकडं चालले. उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो, ते तुम्ही रोज विचारून वहीत लिहिता. मी अर्धा तास सांगत आले. खरं तर दोन तास लागतात. लातूर नवा जिल्हा झाला, तुमचं कचेरीचं काम वाढलं, त्यात दुष्काळ पडला, तुम्ही दिवसभर पाण्याच्या टँकरच्या मागं. वरून माझा घोर नको म्हणून खोटं बोलले.

परवा तुम्ही वही दाखवून आलात. डॉक्टर म्हणले, "गुण हाय, ह्याच गोळ्या चालू ठेवा." आज त्यांना म्हणते, सुजलेले सांधे तुम्हीच मोजा.

भाकरी झाकून ठेवल्यात. महिन्यापासून शेजारच्या साखराबाईच करून देत्यात. संध्याकाळी स्टँडवर या. मला पिशवी उचलवत न्हाई.

महादेवी